बंद डिस्कमधलं शहर

ज्यांनी मला सांभाळलं त्यांचं आधी सांगतो, बाकीचं मग. पाणी खात्यात कारकुनी करून रिटायर झालेले एक काका होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथं दोरा गुंडाळलेला. नात्यानं, गावानं, जातीनं, कशानंच ते माझे कुणी लागत नव्हते. त्यांच्यामुळं मी त्या उन्हाळ्यात रस्त्यावर आलो नाही. एवढं लिहून ठेवलं म्हणजे पुढं माझा कुठं तोल गेला तरी वाचणाऱ्याला कळेल, की राग त्यांच्यावर नाही.

मी किनवटच्या पलीकडचा, पार शिवेवरचा. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे आमच्या वसतिगृहाची विहीर आटली. सरांनी पोरांच्या हातात पिशव्या दिल्या आणि म्हणाले, पाऊस पडला की या. पाऊस पडला तोवर मी वीटभट्टीवर होतो. पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता शाळेत जायची हिंमत मला झाली नाही. असं चार ठिकाणी करत करत विशी ओलांडल्यावर औरंगाबादला पोचलो. तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. आता बसवरची पाटी बदलली, नळ तसेच आहेत म्हणतात.

पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर, एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये कॉम्प्युटर गेमचं पार्लर होतं. खाली मशीन, वर पत्र्याचा माळा. माळ्यावर मी झोपायचो आणि त्याच्या बदल्यात दिवसरात्र दुकान राखायचो. आजूबाजूला नुसते प्लॉट. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी जिथं बाजरी उभी होती तिथं चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला 'चोवीस तास पाणी' अशी पाटी. त्या पाटीखाली टँकर उभा असायचा आणि बायका घागरी घेऊन भांडत असायच्या. पाटीकडं कुणी बघायचं नाही.

माझं काम मशीन चालू करायचं, झाडायचं आणि शिव्या खायच्या. शिव्या कशापायी, तर गेम सेव्ह होत नाही म्हणून.

"भाऊ, कालची गेम कुठं गेली बे?"

"असंल की, बघतो."

"असंल काय? शेवटच्या लेव्हलचा बॉस मारलेला व्हता मी! तू मारून देणार का आता?"

पोरं महिनामहिना एकच गेम खेळायची, आणि एका दिवशी सगळं गायब. इंग्रजीत एक चौकट यायची. मला ती अक्षर अक्षर लावून वाचावी लागायची, आणि लावून होईपर्यंत गिऱ्हाईक ती बंद करून माझ्या नावानं ओरडायला लागलेलं असायचं.

काका दुपारी यायचे. घरात सून आणि नातू झोपले की त्यांना टीव्ही लावता यायचा नाही, म्हणून. पहिल्यांदा आले तेव्हा पोरं हसली होती. "काका, पेन्शनचा फॉर्म पलीकडच्या दुकानात भरतात." काकांनी ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या मशीनवर जाऊन बसले. शहर वसवायची एक गेम होती, ती ते खेळायचे. आपण रस्ते काढायचे, वस्त्या पाडायच्या, लोक येतात, तक्रारी करतात. काकांनी सगळ्यात आधी धरण बांधलं, मग टाक्या, मग पाइप. घरं सगळ्यात शेवटी.

"उलटं खेळता तुम्ही," मी एकदा म्हणालो.

"उलटं बाहेर चाललंय," ते म्हणाले. "ए किनवट, हे बघ. हा वॉर्ड, हा वॉर्ड, आणि हा टेकडीवरचा. सगळीकडं रोज पाणी. पस्तीस वर्षं नोकरी केली, लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा विचारायचा, आमच्याकडं कधी सोडणार? इथं कुणी विचारत नाही."

ती चौकट वाचायला मला त्यांनी शिकवलं. "खालची ओळ आधी वाच. अर्जात पण लोक खालची ओळ वाचत नाहीत, आणि अट तिथंच असते." त्यामुळं मला कळायला लागलं की सेव्ह न होण्याची कारणं मोजकी असतात. कधी डिस्क गच्च भरलेली. कधी फोल्डरवर फक्त वाचायचीच परवानगी. कधी अँटीव्हायरसनंच गेमला चोर समजून हात धरलेला. एका मशीनमधली बारकी बॅटरी संपली होती, तर त्याची तारीख रोज सकाळी कित्येक वर्षं मागं जायची, आणि गेम बिचारी जुनं सेव्ह नवं समजून उघडायची. आठ दिवस पोरं मशीनला भूत लागलंय म्हणत होती. काकांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडं बोट दाखवलं, बस्स.

सगळ्यात वाईट म्हणजे सेव्ह चालू असताना लाईट जाणं. मग फाईल दिसते, नाव असतं, पण आत शून्य. त्या वेळी त्याच फोल्डरात गेमनं स्वतःहून ठेवलेली मागची फाईल शोधायची आणि तिला मोडलेल्या फाईलचं नाव द्यायचं. मेलेली गेम उठून बसायची. "पण हात लावायच्या आधी कॉपी काढ," काका दर वेळी म्हणायचे. मी काळजी करणारा माणूस. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारा. मला ते लई पटलं. मी दोन कॉप्या काढायचो.

आता लाईट का जायची, ते सांगतो. कधी लोडशेडिंगची जायची, पण जास्त वेळा आम्हीच घालवायचो.

नळाला पाणी कित्येक दिवसांनी यायचं, आणि आलं की सगळी गल्ली नळाला मोटर लावायची. जो आधी ओढेल त्याचं पाणी. आमच्या कॉम्प्लेक्सची मोटर आणि पार्लर एकाच मीटरवर. दोन्ही सोबत चालत नव्हती. म्हणून मालकाचा नियम होता, की "पाणी आलंऽ" अशी हाळी कानावर आली की पार्लरचा मेन स्विच खाली ओढायचा. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या फुगून बसलेल्या. त्या बदलायचं नाव काढलं की मालक म्हणायचा, "अरे यार, पहले पानी तो आने दे." मी हाळी ऐकली की ओरडायचो, "सेव्ह करा, सेव्ह करा, पाणी आलं!" आणि पोरं खरंच एका झटक्यात सेव्ह करून हात वर करायची. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटायचं, ही काय प्रार्थना चालली. जास्त वेळा काकाच आधी कळवायचे. वॉलमन, म्हणजे पाण्याची चावी फिरवणारा, त्यांचा जुना ओळखीचा. त्याला फोन करून विचारायचे आणि मला सांगायचे, "आज चारच्या पुढं बरं का किनवट."

त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागची कुठली तरी लाईन फुटली, आणि पाणी आमच्याकडं अचानक वळलं.

कोपऱ्यातल्या मशीनवर मालकाच्या मालकाचा पोरगा बसला होता. म्हणजे ज्याचं कॉम्प्लेक्स, ज्याचे आजूबाजूचे प्लॉट, त्याचा. ट्रकची गेम खेळायचा. एका ट्रकपासून सुरू करून त्यानं केवढी तरी ट्रान्सपोर्ट कंपनी उभी केली होती. मला ऑपरेटर म्हणायचा. पाण्याची बाटली रिकामी झाली की माझ्याकडं न बघता हात लांब करायचा. मालकानं मला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं, "इसका गेम गया, तो तू भी गया समझ." काका शेजारी स्टुलावर नंबर लावून बसले होते.

मालक स्वतः दुकानात होता. हाळी आली तसा त्यानंच पळत जाऊन स्विच ओढला. मला तोंड उघडायला पण वेळ मिळाला नाही. टाकी भरली. स्विच वर केला. बाकीची सगळी मशीन उठली. कोपऱ्यातलं काळ्या पडद्यावर अडकलं, आणि आतून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्.

"ए ऑपरेटर, काय केलंस बे?"

"मी नाय दादा, मेन..."

"तू चिल्लाया क्यूं नहीं?" मालक माझ्यावरच फिरला. स्विच ओढलेला त्याचा हात अजून ओला होता. "तेरा कामच क्या है? उसका नहीं मिला ना, शाम को माला खाली कर. गाव जा तेरे."

गावाला. गावात त्या उन्हाळ्यात माझी आई दुसऱ्याच्या अंगणात झोपत होती, कारण तिथं बोअर होता. मी गेलो असतो तर तिथं आणखी एक तोंड. हे मालकाला सांगून काय झालं असतं.

काका उठले. "कुणी आता बंद-चालू करू नका. किनवट, ही डिस्क काढ आणि तुझ्या मशीनला दुसरी म्हणून जोड."

जोडली. घाईत केबल दोनदा उलटी लागली. डिस्क दिसली, गेली, पुन्हा दिसली.

"ही आता जास्त वेळ राहायची नाही," काका हळू बोलले. "सगळं मागू नको तिला. एकच फोल्डर घे."

सेव्हचे दोन फोल्डर होते. एक त्या पोराच्या ट्रकचा. एक काकांच्या शहराचा. माझा माउस आपोआप काकांच्यावर गेला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी त्याचं घे."

"काका, तुमचं दोन वर्षांचं..."

"मला कुणी माळ्यावरून हाकलत नाही. त्याचं घे म्हणतो ना."

घेतलं. कॉपीची हिरवी पट्टी अर्ध्यावर थांबली, टक् टक् झालं, आणि नशीब म्हणा, पुढं सरकली. पूर्ण झाली. मग मी काकांचं धरलं. पट्टी थोडीशी भरली. आवाज आला. मग आवाज पण बंद झाला. त्यानंतर ती डिस्क मी कितीदा जोडली, दिसली नाही.

"पेनड्राइव्हवर असंल ना?" मी विचारलं. मला कॉपी काढायला शिकवणारा माणूस तो.

"होतं. सूनबाईंनी त्यात बारशाचे फोटो भरले." ते हसले. ते हसणं अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

पोरानं दुसऱ्या मशीनवर गेम उघडली. कंपनी जशीच्या तशी. त्यानं गॅरेजं उघडून बघितली, ट्रक मोजले, आणि म्हणाला, "दोन कमी दिसायलेत." मग बाटली पुढं केली. मी भरून दिली. मालकानं चहा मागवला. "काका, चाय पियो. गेमच है, नया शहर बना लो." काका म्हणाले, "हो, बनवू की." चहा घेतला नाही. माठातलं अर्धा ग्लास पाणी प्यायले, ग्लास पालथा घालून ठेवला आणि उन्हात निघून गेले.

मला माळा राहिला. वर बसून मी रडलो, पण मला बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच लई राग येत होता.

काका त्यानंतर एकदाच आले. नवी गेम उघडली. मोकळी जमीन, एक नदी. नुसते बघत बसले. मग उठले. "आता पाइप टाकायचा कंटाळा आला रे किनवट." मी मागं मागं दारापर्यंत गेलो. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. सुनेनं सेफ्टी दार न उघडताच विचारलं, "ते झोपलेत. तुम्ही कोण?" आता मी कोण, ते मला सांगता येईना. "पार्लरवाला," म्हणालो. "तिकडं जाणं बंद केलंय त्यांनी," ती म्हणाली, आणि आतलं दारही लावून घेतलं.

पुढं पार्लर गेलं, त्याच्या जागी प्लॉटचं ऑफिस आलं. ट्रकवाला पोरगा तिथं खुर्चीत बसतो, असं ऐकलं. गेम त्यानं कधीच सोडली होती. जी वाचवण्यापायी एक शहर बुडालं, ती त्यानं त्याच पावसाळ्यात सोडली.

मी आता गावापासून आणखी लांब, सुरतेला. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात डिस्कमधला गेलेला माल काढायचं काम करतो. पार्लरचा मालक म्हणाला होता, ती डिस्क भंगारात टाक. मी टाकली नाही. बनियनमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलीय. आता कळतं की तिचं वाचणारं डोकं मोडलं होतं. तबकड्या बहुतेक शाबूत असतील, आणि शहर त्यांच्यावर तसंच असेल. डोकं बदलायला तसलीच दुसरी डिस्क लागते, तेच मॉडेल, त्याच कारखान्याच्या छापाची. इथं भंगाराचं पोतं आलं की बाकीचे तांबं शोधतात, मी लेबलं वाचतो. खालची ओळ आधी. एकदा मिळाली होती, एका अक्षरानं चुकली. काकांची डिस्क उघडायचा मोह झाला, पण हात मागं घेतला. एकदाच उघडता येते ती, आत धूळ बसली की संपलं.

मिळेल. काका, तुम्ही आहात की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि फोन करायला मी भितो. पण ज्या दिवशी ती डिस्क वाचली जाईल त्या दिवशी मी गाडीत बसेन. सूनबाईंनी विचारलं तुम्ही कोण, तर या खेपेला तोंडात उत्तर असेल. सांगेन, यांचं शहर घेऊन आलोय, टेकडीवरच्या वॉर्डासकट, आणि कॉप्या दोन आहेत.