गच्चीवरच्या आजी

सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. दुपारी झोपेतच गेल्या. आता महिना होऊन गेला. त्या दिवशी आमच्या कात्रजच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांनी दारात हळूच विचारलं, "यांचं नाव काय होतं?" कोथरूडच्या जुन्या सोसायटीतून मात्र रिक्षा भरभरून बायका आल्या.

अकोल्याकडचं गाव सोडून त्या कोथरूडला आमच्याकडे आल्या, तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी खिडकीशी बसून काढलं. "सारी दारं बंदच राह्यतात इथं. बोलावं तं कोणासंग?" म्हणायच्या. मग उन्हाळा आला. आमच्या घराच्या वरच गच्ची. तिथे कुरडया घालायला गेल्या आणि शेजारच्या लेलेकाकूंचे पापडही राखत बसल्या. काकूंनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" "कावळ्यानं. पापड खारट झाले म्हणे." त्या दिवसापासून अख्ख्या सोसायटीचं वाळवण त्यांच्या ताब्यात गेलं. जिना चढणारी प्रत्येक बाई त्यांच्यापाशी टेकून, काहीतरी सांगून जायची. पुढे गावी गेल्या तरी त्यांना चार दिवसांवर राहवत नसे. "माही गच्ची सुनी पडली असंन," म्हणत परत यायच्या.

मग त्यांचे गुडघे दुखू लागले. जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. घर बदलायचं मीच ठरवलं. नवरा म्हणाला, "आईला विचारू या." मी म्हटलं, "त्यांच्या गुडघ्यांना विचार."

कात्रजला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्या लिफ्टने वर जाऊन आल्या. "वर कुलूप हाय. किल्ली मागशील? एवढं ऊन फुकट जाऊन राह्यलं वं." मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "आई, कुरडया विकत मिळतात आता." दुसऱ्या दिवशी पाकीट आणून दिलं. त्यांनी तळल्या, खाल्ल्या, चांगल्या आहेत म्हणाल्या... किल्लीचा विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, रुळल्या.

भेटायला आलेल्या लेलेकाकू निघताना म्हणाल्या, "लिफ्ट छान आहे हो तुमची. आजी कुठे जायच्या तिच्यातून?"

दिवस-कार्य उरकल्यावर इमारतीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागायला गेले. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून हातात दिली. "न्या की. आजवर कोणी मागितलीच नाही."

सासूबाईंची खोली आवरताना खिडकीच्या गजांमागे एक ताटली सापडली. तिच्यात माझ्या नकळत घातलेल्या थोड्या कुरडया होत्या, वाकड्यातिकड्या, अर्धवटच वाळलेल्या... त्या खिडकीत ऊन येत नाही, हे घर घेताना मी पाहिलं नव्हतं. ताटली घेऊन गच्चीवर गेले आणि तिथेच बसून राहिले.

एका दुपारीत खडखडीत वाळल्या.