अँप्लिफायर, गिटार आणि हळदीचं बेणं

पाचगणीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत मास्तरांनी मला आपला अँप्लिफायर दिला, तो लेक द्यावी तसा, पूर्ण चौकशी करून. तेव्हा मी सांगलीत दिवसा एका कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. तोवर माझी गिटार मंडपाच्या भोंग्यातूनच बाहेर पडायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकलीय.

मास्तर मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात लोकरी झूल घातलेली एक पेटी होती. झुलीला कोटासारखी बटणं. मास्तरांनी ती एकेक करून सोडली आणि आतून विलायती व्हॉल्व्हचा अँप्लिफायर निघाला. बरीच वर्षं जुना, पण अंगावर ओरखडा नाही. खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला.

"चहा घेता?" त्यांनी विचारलं.

"घेतो की," मी म्हणालो.

"मग कप याच्यावर ठेवायचा नाही. याच्यावर बसायचं नाही. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय वाजवायचं नाही. घाई असेल तर तबला शिका."

चहा आलाच नाही. अँप्लिफायर मात्र मिळाला.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका ते." मी ऐकलं नाही. पेटी मांडीवर घेऊन बसलो.

"हाय काय त्यात?"

"आवाज मोठा करायचं यंत्र."

त्यानं गच्च भरलेल्या गाडीकडं आणि जागेवरून कचाकचा भांडणाऱ्या दोन बायांकडं पाहिलं. "हितं काय गरज न्हाई त्याची," म्हणाला आणि पुढं सरकला. सांगलीची गाडी धरायला साताऱ्याला उतरलो तेव्हा माझे पाय इतके बधिर झाले होते, की मी खांबाला धरून उभा राहिलो. येणारेजाणारे मला प्यायलेला समजून लांबून वळसा घालत होते.

अँप्लिफायरचा पहिला कार्यक्रम सांगलीजवळच्या एका खेड्यात, लग्नात झाला. व्हॉल्व्ह तापले, जाळीमागं तांबूस उजेड दिसू लागला. आमचे मालक, जे मुख्य गायकही होते, डोळे मिटून विरहगीत गात होते. दुसऱ्या कडव्याआधी माझा गिटारचा तुकडा होता. मी तार छेडणार तोच अँप्लिफायरमधून एक शांत, समजूतदार आवाज आला: "शेतकरी बंधूंनो, हळदीचं बेणं निवडताना कुजकं गड्डं आधी बाजूला काढा."

मालकांनी डोळे उघडले. मी बटणं फिरवली. आवाज आणखी मोठा झाला. रेडिओ केंद्र गावापासून जवळच होतं, आणि शेतीचा कार्यक्रम थेट माझ्या गिटारमधून सुरू झाला होता. मी पटकन स्विच बंद केला, तसे पहिल्या रांगेतले फेटेवाले आजोबा उठून उभे राहिले.

"आरं, बंद का केलं? लाव की! बेण्याचं सांगतोय त्यो!"

"आजोबा, गाणं चाललंय."

"गाणं काय पळून जातंय व्हय? हळद पुढच्या आठवड्यात लावायची हाय!"

सगळा मांडव त्यांच्या बाजूनं झाला. नवरदेवानंही मान हलवली, तोही हळदवाल्यांचाच. मी स्विच पुन्हा लावला आणि माहिती संपेपर्यंत आमचा ऑर्केस्ट्रा हाताची घडी घालून उभा होता. शेवटी टाळ्या पडल्या. विरहगीताला काही तेवढ्या पडल्या नाहीत. मालक मला एवढंच म्हणाले, "ही पेटी दुरुस्त कर, नाहीतर शेतीखात्यात नोकरी धर."

माझे मामा कोरेगावचे. फौजेत बिनतारी संदेशाच्या पलटणीत होते. निवृत्तीनंतर रेडिओ दुरुस्त करायचे. अँप्लिफायर त्यांच्याकडं नेला. मागची फळी काढून मामांनी आत पाहिलं आणि चपला काढून ठेवल्या.

"बघ गड्या, एक तार वाकडी न्हाई! धुळीचा कण न्हाई! मास्तरांनी हे पोरावानी सांभाळलंय." मग त्यांचा आवाज फौजी झाला. "डावा हात खिशात! व्हॉल्व्हच्या सेटात दोन हात घातलं, की करंट छातीतनं जातो. एक हात खिशात, एक कामावर."

मी त्या काळच्या फॅशनची बेलबॉटम घातली होती. खाली घेर, वर कातडीसारखी घट्ट. हात कसाबसा खिशात गेला, पण परत येईना. मामीनं शिवण उसवून तो सोडवला. त्या दिवशीची पहिली दुरुस्ती ती.

मामांनी व्हॉल्व्ह काढून त्यांचे तळाचे धातूचे पाय पुसले, सगळं तपासलं, गिटार लावायला सांगितलं. आवाज स्वच्छ. रेडिओचं नाव नाही.

"ठणठणीत हाय तुजा सेट. तुमी गाताच वाईट आसाल."

मग लक्षात आलं, की कोरेगाव रेडिओ केंद्रापासून लांब. डॉक्टरच्या दारात पोचताच ताप उतरावा, तशातली गत. शेवटी मामाच हत्यारं घेऊन सांगलीला, माझ्या खोलीवर आले. सोबत मामी, कारण तिला भांडी घ्यायची होती.

मामीची भांडी घेऊन झाली, मग दुपारी अँप्लिफायर लावला आणि गिटार जोडली. लगेच बायकांचा कार्यक्रम सुरू. कुणीतरी बाई लिंबाच्या गोड लोणच्याची कृती सांगत होत्या. मामी जिथं होती तिथंच खाली बसली. मामांचाही चेहरा उजळला.

"काय साफ येतंय रं! माज्या दुकानातल्या एकाबी रेडिओवर आसं येत न्हाई."

"मामा, ते घालवायचंय."

नाइलाजानं त्यांनी डावा हात खिशात घातला आणि पेन्सिलीच्या टोकानं आतला एकेक जोड हलवून पाहू लागले. गिटारची वायर जिथं खुपसतात, तिथल्या अर्थिंगच्या जोडाला पेन्सिल लागली, की लोणचंवाल्या बाई गप्प. काढली, की परत बोलत्या. वरून चकचकीत दिसणारा तो जोड आतून सुटला होता.

"घावला!" मामांनी डाग द्यायची तापलेली कैया उचलली.

"आवं, थांबा की जरा!" मामी ओरडली. "गूळ कवा घालायचा ते सांगू द्या तिला!"

मामा थांबले. धूर निघणारी कैया हातात धरून, पूर्ण कृती होईपर्यंत. गूळ पडला, लोणचं बरणीत गेलं, मग सोल्डरचा थेंब जोडावर पडला आणि खोलीत एकदम शांतता झाली. व्हॉल्व्हची बारीकशी गुणगुण तेवढी राहिली.

मी एक सूर छेडला. भोंग्यात असा सूर मी कधी ऐकलाच नव्हता. गोल, जाडसर, कडेला किंचित खरखर, आणि तार सोडल्यावरही तो हळूहळू विझत राहायचा. मी वाजवत गेलो. मामी पिशवीच्या बंदाशी चाळा करत ऐकत होती. थोड्या वेळानं मामांनी हात पुढं केला. "दे बरं हिकडं."

जन्मात त्यांनी कुठलं वाद्य हातात घेतलं नव्हतं. मांडीवर गिटार आडवी ठेवून त्यांनी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं छेडली. डोळे मिटून सूर विझेपर्यंत ऐकला. पुन्हा छेडली. पुन्हा तीच तार.

"आवं, एसटी जाईल," मामी म्हणाली.

"हां, हां. योक डाव."

मामी भांड्यांची पिशवी उचलून जिना उतरली, टांगा थांबवला आणि खालून हाका मारू लागली. वर मामा तीच एक तार वाजवत होते.