बारा जानेवारी

आमच्या सासूबाई, सत्यभामाबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, सातवी शिकलेल्या. पण माजलगावच्या कोर्टात आमच्या घराण्याची वकिली चालायची ती त्यांच्या डायरीवर. मामंजी, म्हणजे अर्जुनराव वकील, कोर्टातून येऊन कोट काढता काढता तारखा सांगायचे, आणि आत्याबाई त्या लिहून घ्यायच्या. कुठल्या दिवशी कुणाची केस, कुणाचं अपील कधीपर्यंत दाखल करायचं, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. तीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. पक्षकार म्हणायचे, "साहेब विसरतील, पर वकिलीणबाई न्हाई विसरायच्या."

चुकली ती २०१८ च्या जानेवारीत. कारण माझंच लग्न. अमरसिंहांशी माझं लग्न त्या महिन्यात होतं. घरात बस्ता, पाहुणे, आचारी, आणि त्याच गडबडीत आत्याबाईंनी जुन्या डायरीतल्या तारखा नव्या डायरीत उतरवल्या. रतनबाईच्या अपिलाची मुदत बारा जानेवारीला संपत होती. ती त्यांनी बारा फेब्रुवारीच्या पानावर लिहिली.

रतनबाई सिंदफणेच्या काठच्या एका गावातली धनगर बाई. नवरा मेंढरं घेऊन गेलेला असताना अपघातात वारला. पुढं दीर बंकट यानं एक कागद काढला. वाट्याची अडीच एकर रतनबाईनं आपल्याला सोडून दिलीय असा. खालच्या कोर्टानं तो कागद खरा धरला. अपिलात मात्र तो टिकणार नाही याची मामंजींना खात्री होती, कारण त्यावरचा अंगठा तिचा वाटतच नव्हता.

चूक लक्षात आली तेव्हा मुदत उलटून महिना झाला होता. वकिलाच्या चुकीनं उशीर झाला असं खरं लिहून दिलं असतं, तर कोर्टानं बहुतेक माफ केलं असतं. आत्याबाई तेच म्हणाल्या. मामंजींनी ऐकलं नाही. "डायरीत चूक झाली असं मी लिहून देऊ? उद्या एकही पक्षकार पायरी चढणार नाही," ते म्हणाले. त्यांनी अर्जात लिहिलं की रतनबाई टायफॉईडनं महिनाभर अंथरुणाला खिळून होती. रतनबाईला वाचता येत नव्हतं. साहेब सांगतात तिथं तिनं अंगठा दिला.

बंकटच्या वकिलानं रोजगार हमीचं मस्टर कोर्टात आणलं. त्या महिन्यात रतनबाई एकोणीस दिवस तलावाच्या कामावर माती उचलत होती. अर्ज फेटाळला गेला, आणि निकालात शब्द आला की अर्जदार बाईनं खोटं शपथपत्र दिलं आहे. गावात तिचं नाव 'टायफॉईडवाली' पडलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला एवढंच दिसायचं की रतनबाई वर्षातून दोनदा तरी यायची, पदरात चिघळीची भाजी आणायची, आणि आत्याबाई ती भाजी करायच्या पण स्वतःच्या ताटात घ्यायच्या नाहीत. मी एकदा विचारलं. "मला सोसत नाही," म्हणाल्या.

२०२३ मध्ये मामंजी गेले. रतनबाई भेटायला आली, जोत्यावर बसून रडली. "साहेबांनी लई केलं माझ्यासाठी. म्याच करंटी. आजारी न्हवते तर आजारी हाय म्हनून अंगठा का म्हून दिला असंल मी?"

ती गेल्यावर आत्याबाईंनी कपाटातून अठरा सालची डायरी काढली, फेब्रुवारीचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

अमरसिंह भडकले. "बाबांना जाऊन महिना नाही झाला, आणि आई, तू त्यांना खोटं ठरवणार?"

"ते माझ्यासाठी खोटं बोलले. चूक माझी होती," आत्याबाई म्हणाल्या.

मी काय केलं? गप्प बसले. मी स्वतः वकील, कायदा मला कळत होता. पण आमचं ऑफिस, आमचं नाव, माझी नुकती जमत आलेली वकिली, हेच डोळ्यांपुढं येत होतं. तीन आठवडे मी विषय काढला नाही. शेवटी आत्याबाई पिशवीत डायरी घालून एकट्याच एसटी स्टँडवर निघाल्या, तेव्हा मी मागं धावले.

आम्ही गावात पोचलो तेव्हा रतनबाई शेळ्यांना पाला टाकत होती. आत्याबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. रतनबाईनं हातातला पाला खाली ठेवला.

"मंजे मी खोटी न्हवते?"

"नाही रतनबाई. आम्ही खोटे."

"इतकी वर्सं मला वाटायचं, माज्याच तोंडून कायतरी चुकीचं गेलं आसंल." मग ती म्हणाली, "हे बंकटम्होरं सांगा. आत्ता."

मारुतीच्या पारावर बंकट होता, आणखी दहा-बारा माणसं होती. आत्याबाई कुणासमोर कधी बोललेल्या नाहीत. घाम पुसत, अडखळत त्यांनी सांगितलं की शपथपत्र आमच्या घरात लिहिलं गेलं, या बाईला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. बंकट हसला. "आता बोलून काय उपेग?" पण बाकी कुणी हसलं नाही. रतनबाई आम्हाला म्हणाली, "आता जावा तुमी." चहासुद्धा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

केस आम्ही चालवणं शोभणारं नव्हतं. मी ती हायकोर्टाच्या खंडपीठातल्या दुसऱ्या वकीलबाईंना दिली. आत्याबाईंनी शपथपत्र केलं, डायरीचं पान जोडलं. तालुक्यात बोभाटा झाला. कितीतरी पक्षकार फायली घेऊन गेले. अमरसिंह आईशी चार महिने बोलले नाहीत. हायकोर्टानं उशीर माफ केला, रतनबाईवरचा खोटेपणाचा शेरा काढून टाकला आणि अपील परत खाली पाठवलं. तिथं अंगठ्याची तपासणी झाली. तो तिचा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात जमीन तिच्या नावावर आली.

मी कोर्टातून धावत घरी आले आणि आत्याबाईंना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला.

"पेरणी कधी करेल ती?"

"यंदाच. पाऊस पडला की."

"म्हणजे सात पेरण्या बुडाल्या तिच्या," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बघून खडे काढू लागल्या.

रतनबाईचा आम्हाला निरोप आला नाही. बाजाराच्या दिवशी ती आमच्या गल्लीवरून जाते. मी दिसले तर मान हलवते. आत येत नाही.