तळातून ढवळून

शाळेतली मुलं तिला ओगराळेबाई म्हणायची. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने डाळ वाढली, आणि वाढायची तिची एक रीत होती. ओगराळं आधी पातेल्याच्या तळाशी न्यायचं, चांगलं ढवळायचं, मगच वाटी भरायची. नाहीतर डाळ खाली बसते आणि वर नुसतं पाणी राहतं. वरवर वाढणाऱ्या नव्या बायकांना ती अशी फैलावर घ्यायची की विचारू नका.

आणि हीच बाई घरी काय करायची? डोक्याला हात लावावा असंच सगळं. लहानपणी अंडं भावाला, कारण तो वाढीचा. पोटुशी असताना मासा नवऱ्याला, कारण तो ओझी उचलायचा. अंगावर पाजत होती तेव्हा दूध सासऱ्यांना, पुढे सगळंच मुलाच्या ताटात. आपली पाळी येईल येईल म्हणता म्हणता ती म्हातारी झाली, तर घरात नवाच कायदा निघाला: म्हातारपणी हलकं खावं. सून मायेनेच वाढायची, पण डाळीचं वरचं पाणी आणि मऊ भात. शेवटी जिन्यात तिचे पाय लटपटले आणि ती बसली ती उठेचना. मुलाने फर्मान काढलं की आईची माडीवरची खोली बंद, आता तिने खाली कोठीत झोपायचं. गादी उतरवलीसुद्धा.

त्या खोलीत तिचा जीव होता. खिडकीतून शाळेचं अंगण दिसायचं.

दुसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मूत्रपिंडं ठणठणीत निघाली, म्हणजे खाण्याला कसलंच पथ्य नव्हतं. मग नर्सबाईने तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. जमलं नाही.

"खाता काय, आजी?"

तिने सांगितलं. नर्सबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. वजनाच्या मानाने तुम्हाला तरुणांपेक्षा जास्तच लागतात. मुलांना ती वाढीला लागतात, पोटुशीला बाळासाठी, पाजणारीला दुधासाठी, आणि तुम्हाला अंगातली ताकद टिकवायला. डाळ, अंडं, मासा, दूध, जे चालेल ते प्रत्येक जेवणात घ्या. आणि रोज खुर्चीतून उठाबशा काढा."

"म्हणजे दर वेळी माझीच पाळी होती," बाई म्हणाली. "आणि दर वेळी मीच ती देऊन टाकली."

तिला राग आला होता, आणि तो पहिल्यांदाच स्वतःवर होता.

रात्री सगळे जेवायला बसले, तेव्हा तिने सुनेच्या हातातून ओगराळं काढून घेतलं. तळातून ढवळलं आणि पहिली वाटी भरली ती स्वतःची. दुसरी सुनेची. "तूही बस. मागून खायची हौस मी खूप केली, बघ काय झालं ते."

"आई, झेपेल का तुला एवढी घट्ट डाळ?" मुलगा म्हणाला.

"अख्खी शाळा झेपली मला. वाटीभर डाळ नाही झेपणार? आणि जेवण झालं की माझी गादी वर ने."

"हट्ट करू नकोस. परत जिन्यात पाय लटपटले म्हणजे?"

"कठडा धरून चढेन. दर पायरीला बसेन. पण चढेन. कोठीत कांदे ठेवतात, आईला नाही."

मुलाने वाटी पुढे केली. तिने न ढवळताच, वरवरचं वाढलं.

"अगं, हे तर नुसतं पाणी!"

"हलकं असतं. तू दिवसभर खुर्चीतच बसतोस, तुला कशाला जास्त?"

सून पदराआड हसली. मुलाने वाटी संपवली, गादी खांद्यावर घेतली आणि जिना चढू लागला. अर्ध्यावर त्याला धाप लागली, तो कठड्याला टेकला.

खाली बाई पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभी होती. "थांब, दम खा," ती म्हणाली. "उद्यापासून तुलाही तळातून वाढते."