शिंपीणबाईंचं माप

गल्लीतल्या निम्म्या बायकांची कंबर शिंपीणबाईंना तोंडपाठ होती. माप देताना कुणी पोट आत ओढलं की बाई टेप तशीच धरून ठेवत. "श्वास सोडा. आज टेपेला फसवाल आणि उद्या झगा उसवला की माझ्या नावानं खडे फोडाल."

स्वतःचं माप मात्र त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. झगा तंग झाला की शिवण उसवायची, आत दुमडलेलं जास्तीचं कापड थोडं सोडायचं आणि पुन्हा टीप मारायची. टेप लावली असती तर आकडा डोळ्यांत खुपला असता.

बीजांडकोशात गाठ आहे हे त्यांना तरुणपणीच कळलं होतं. "साधी आहे, पण दरवर्षी दाखवत जा," असं डॉक्टर म्हणाले होते. काही वर्षं त्या गेल्या. दरवेळी तेच उत्तर मिळायचं, मग जाणं राहिलं ते राहिलंच. "खात नाही, पीत नाही, उलटून बोलत नाही," बाई गाठीबद्दल सांगत. "सुनेपेक्षा बरी."

"मग काजंबटणं तिच्याकडूनच करून घ्या," शेजारच्या मशीनवरून सून म्हणे.

त्याच सुनेनं एकदा सासूचा झगा इस्त्रीला घेतला. पुढच्या भागावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीला लागून दुसरी. आत सोडायला आता कापडच उरलं नव्हतं. पाठ मात्र होती तशीच. झगा घेऊन ती बाहेर आली.

"आई, दंड तर सुकलेत तुमचे. मग नुसतं पोटच कसं वाढतंय?"

बाईंनी ओठांत धरलेली टाचणी हळूच काढून ठेवली.

ऑपरेशन झालं. गाठ न फुटता अख्खी निघाली. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "अशा गाठीत केस असतात, कातडी असते, कधी दातसुद्धा. बहुतेक जन्मभर निरुपद्रवी राहतात. पण शंभरात एखादीतली कातडी उतारवयात बिघडते. तुमच्या गाठीत कॅन्सर होता, पण तो गाठीबाहेर पडलेला दिसत नाही. आता एकही तपासणी चुकवायची नाही."

घरी आल्यावर दारात चपला काढताना बाई म्हणाल्या, "आणि मी तिला तुझ्यापेक्षा बरी म्हणत होते." त्यांचे डोळे भरून आले. सुनेनं त्यांना जवळ घेतलं.

तपासण्या सुरू झाल्या. त्याशिवाय, मनाच्या समाधानासाठी, सून अधूनमधून त्यांचं माप घेऊ लागली. आजही तिनं टेप लावली, तर बाईंनी पोट आत ओढून धरलेलं. इतके दिवस कुणापाशी न बोललेली भीती तिथं घट्ट बसली होती.

"श्वास सोडा, आई."

सुनेनं टेप तशीच धरून ठेवली. मग सुनेच्या खांद्यावर हात टेकून बाईंनी श्वास सोडला. टेप मागच्या खेपेला थांबली होती तिथंच थांबली.

"तेवढंच आहे," सून म्हणाली. तरी टेप काढायची दोघींपैकी कुणालाच घाई नव्हती.