काचबिंदूचे थेंब आणि सासऱ्यांचा राग

माझ्या सासऱ्यांचा राग सगळ्या फुलंब्रीला माहीत होता. शेती पुतण्याकडं सोपवून ते सासूबाईंना घेऊन आमच्याकडं शहरात राहायला आले, तेव्हा रागही सोबत घेऊन आले. मी त्यांना मामा म्हणायचे, आणि शक्यतो दुसऱ्या खोलीतनं म्हणायचे.

एका उन्हाळ्यात मामा एकदम निवले. चहा गार मिळाला तरी "असू दे". दुपारभर खुर्चीत डोळे मिटून बसायचे. नवरा वडलांना दादा म्हणतो. तो म्हणाला, "दादा साधू झाले." मी देवापुढं साखर ठेवली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मिळून हृदय कसं चालवतात, हे दरवर्षी फळ्यावर काढते. पण घरातल्या माणसाची नाडी बघावी, असं काही मला सुचलं नाही. शांतता कुणाला नको असते?

मग एके सकाळी मी आणि मामा शहागंजात चादरी घ्यायला गेलो. एका स्कूटरवाल्यानं मामांच्या पायावरनं चाक नेलं. आता भर बाजारात काय काय ऐकावं लागणार, म्हणून मी पदर सावरला. मामा म्हणाले, "जाऊ दे, घाईत असंल बिचारा," आणि तिथंच दुकानाच्या पायरीवर कोसळले.

दवाखान्यात नाडी छत्तीस भरली.

"कोणती औषधं चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय. एक गोळी बी नाय," मामा पुटपुटले.

ईसीजीसाठी सदरा काढताना खिशातनं इवलीशी बाटली पडली. काचबिंदूचे थेंब.

"मग हे काय?"

"हे व्हय? हे डोळ्याचं हाय. औषध कुठं?"

"किती घालता?"

"एकेक थेंब सांगितला व्हता. एका थेंबानं चिमणीची बी तहान भागत नाय. मी चार-पाच सोडतो. जळजळलं का आणखी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे डोळ्यातनं नाकात उतरतं आणि तिथनं रक्तात. ॲड्रेनॅलिन हृदयावरच्या ठरावीक जागी बसून त्याला पळवतं. त्या जागा या औषधानं अडवल्यात. मग पेशींत कॅल्शियम कमी शिरतं, आणि हृदय रेंगाळतं."

"म्हंजे यश्टीत रुमाल टाकून सीट धरल्यावाणी."

"अगदी."

मला हे सगळं पाठ होतं.

इंजेक्शन दिल्यावर नाडी चढली. दोन दिवस ठेवून घेतलं, थेंब बदलले. चौथ्या दिवशी घरी मामांनी पेपर उशिरा टाकणाऱ्याला जिन्यावरनंच असं काही सुनावलं, की खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

नवऱ्यानं मला हळूच विचारलं, "ते जुनं औषध... अर्धा थेंब चालणार नाही का?"

मी हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "वरडू द्या," त्या म्हणाल्या. "दोन महिनं घरात कुणी परकाच बसल्यासारखं वाटत व्हतं मला. तुमाला लई गोड लागलं."



तेव्हापासनं थेंब मी घालते. एकच. मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरते, औषध खाली उतरू नये म्हणून.

"डोळा फोडती का माझा?" मामा रोज वरडतात.

मी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरून नाडी मोजत असते.