नात शाळेत, नातू गाडीत

"साळा लय चांगली हाय," हे आबांचं ठरलेलं वाक्य. फाटकाबाहेर चपला काढायच्या, आत येऊन हात जोडायचे आणि समोर जो असेल त्याला हे ऐकवायचं. समोर मी असले तरी. जणू मी त्या शाळेची शिक्षिका नव्हे, लेकराचं नाव घालायला आलेली बाई.

ताडकळसपासून आत असलेल्या त्या गावात माझी बदली झाली तेव्हा जिल्हा परिषदेची ती शाळा चौथीपर्यंत होती आणि शिकवायला मी एकटी. आबा शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांची नात आमच्याकडे तेव्हा दुसरीत. बरी जमीन असलेल्या घरातलं आमच्या पटावरचं ते एकच नाव. बाकीची मुलं बौद्धवाड्यातली, मजुरांची, आणि त्यांतही मुली जास्त. ज्यांना जमत होतं त्यांचे मुलगे पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जात. असं गाव तुमच्याही पाहण्यात असेल.

जूनमध्ये पट वाढवायला आम्ही दोघं दारोदार फिरायचो. आबा कुणाच्याही ओसरीवर हक्कानं बसत, चहाला आधी नको म्हणत आणि मग बशीत ओतून सावकाश पीत. अशाच एका ओसरीवर एका शेतकऱ्यानं विचारलं, "आबा, त्या साळंत आता राहिलंय कोण?"

रोख बौद्धवाड्याकडं होता. तिथं बसलेल्या सगळ्यांना तो कळला.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लेकरं राहिलीत. साळंला आनखी काय लागतंय?"

"मंग तुमचा नातू गाडीत का जायलाय?" शेतकरी हसत म्हणाला. "नात साळंत, नातू गाडीत. लय चांगली साळा हाय की!"

आबा उठले. परतताना स्वतःच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "मॅडम, आत या जरा."

सुनेनं पाणी आणलं. आबांनी तिला विचारलं, "बारक्याला गाडीत कुणी घातलं गं?"

"तुमीच की, मामा," ती शांतपणे म्हणाली. "पोराला विंग्रजी आलं पायजे म्हणलात. मी पोरीचं विचारलं, तवा म्हणलात, तिला हितलीच लय चांगली हाय."

आबांचं ते वाक्य मी वर्षभर ऐकत होते. त्याचा हा अर्थ मला त्या दिवशी कळला. बहुतेक आबांनाही त्याच दिवशी कळला.

त्यांनी नातीला हाक मारली. "तुला जायचंय का गं गाडीत?"

पोर रिबिनीचं टोक चावत उभी राहिली. मग म्हणाली, "मला कुठं बी घाला. पण आमाला दोघांला एका जागी घाला."

आबांनी नातवाला आमच्या शाळेत आणायचं ठरवलं तेव्हा त्यांचा मुलगा संतापला. "मॅडम एकट्या, वर्ग चार! लेकराचं वाटोळं करायलाव तुमी," असं तो माझ्यासमोरच म्हणाला. त्यात वाईट वाटण्यासारखं बरंच होतं, पण खोटं काही नव्हतं. आबा म्हणाले, "आन् पोरीचं झालं तर चालत व्हतं? तुला बी चाललं, मला बी चाललं."

नातू आला तो रडतच. त्याला टाय सोडवेना. आमच्या गणवेशावर तो टाय लावून बसायचा. पहिल्या दिवशी मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून ज्याला-त्याला तो एकदा तरी गळ्यात घालून बघायचा होता. आठवड्याभरात टाय बौद्धवाड्यात मुक्कामाला जाऊ लागला आणि त्याच्यामागं हा नातूही तिकडं खेळायला. त्याला मराठी अडखळत वाचता येई. शेजारी नात बसे आणि त्याचं बोट धरून ओळीवरून फिरवी. आबा वर्गाच्या पायरीवर बसून ऐकत, एखादा शब्द अडला की स्वतःच ओठ हलवत.

'मॅडम एकट्या' हे मुलाचं बोलणं मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. दुसरा शिक्षक मागायला ते एसटीनं पूर्णेला तालुक्याच्या शिक्षण कचेरीत खेपा घालू लागले. "आधी पट वाढवा," असं तिथं सांगत. आबा मला विचारायचे, "मास्तर न्हाई म्हणून लेकरं येईनात, लेकरं न्हाईत म्हणून मास्तर देईनात. आता ह्यातली कुठली गाठ आधी सोडावी, मॅडम?" वर्ष सरता सरता एक तरुण गुरुजी आले. आबांच्या खेपांमुळं आले की बदल्यांच्या घोळात, कोण जाणे. दोन-तीन मुलं गाडीतून आमच्याकडे परत आली. त्या शेतकऱ्याचं आलं नाही.

नात चौथीत गेली तसे आबा तिच्या पुढच्या शाळेच्या काळजीला लागले. एकदा ताडकळसच्या बाजाराहून आले ते थेट शाळेतच. "मोठी साळा बघून आलो. मास्तर चिक्कार हायत," ते म्हणाले आणि आवाज खाली आणून, "पर पोरींच्या संडासाला कडी न्हाई. बसवा म्हणून सांगून आलो. बसवतेत का न्हाई, आनखी एकदा जाऊन बघतो."

ते जाणं झालं नाही. त्या थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि परभणीच्या दवाखान्यातून आबा परतले नाहीत.

जूनमध्ये नात पाचवीला ताडकळसला जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी बसमधून उतरले तेव्हा ती चढत होती. तिला पोहोचवायला तिचा बाप आला होता. दप्तर त्याच्याच खांद्यावर होतं, ते त्यानं खिडकीतून आत दिलं आणि म्हणाला, "कडी बसवली का बघ गं. नसली तर मी येतो उद्या."

बस वळणापलीकडं गेली तरी तो तिथंच उभा होता.